'स्टिग्मा'ला मराठीत 'कलंक'च म्हणायचं का?

अनवाणी: आमच्या कॉलेजात रेड रिबन क्लब (एचआयव्ही-एड्सबद्दल जागृती करणारा) आहे, यंदा मी पण त्यात आहे (मैत्रिणीने नाव घातलं म्हणून गेले, खोटं कशाला सांगू). १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या पथनाट्याचं स्क्रिप्ट माझ्याकडे आलंय. इंग्रजी पत्रकात दर दोन ओळींनी स्टिग्मा, आणि सरांनी सगळीकडे 'कलंक' घातलाय. तालमीत 'एचआयव्हीचा कलंक मिटवूया' म्हणताना एक मुलगा मधेच थांबला, म्हणाला, म्हणजे कलंक आहे हे आपणच कबूल करतोय की! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. दुसरा शब्द सुचवा ना.

पाटावरवंटा: बरोबर अडला तो. कलंक म्हणजे डाग, चंद्रावर असतो तो. पण आपण म्हणतो 'कुळाला कलंक', म्हणजे ज्याला लागला त्यानेच काहीतरी दिवे लावलेत. कोणी लावला हे त्या शब्दात येतच नाही. 'ठपका' बघ, ठपका ठेवणारा कोणीतरी असावाच लागतो.

बार्शीकर: ठपका चौकशी समितीचा वाटतो हो, ग्रामसेवकावर ठेवतात तसला. पथनाट्यात नाम पाहिजेच कशाला, क्रियापदं घाला. ताट वेगळं केलं, अंथरूण वेगळं केलं, पोराला खेळायला घेईनात. पब्लिकला लगेच कळतं, कारण हे कोणी ना कोणी केलेलं असतं.

माजी समुपदेशक: मी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, बरीच वर्षं काम केलं. कलंकाआधी स्क्रिप्टमधलं 'एड्सग्रस्त' काढा. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणात चंद्र असतो तसा. एचआयव्ही हा विषाणू, एड्स ही फार पुढची अवस्था, आणि गोळ्या वेळेवर घेतल्या तर बहुतेकांना तिथवर जायची वेळच येत नाही. सरकारी एआरटी, म्हणजे याच गोळ्यांचा उपचार, २००४ पासून फुकट आहे. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे तर मुलांना कोणी सांगतच नाही! आमच्याकडे येणारी माणसं स्वतःबद्दल काय म्हणायची माहितेय? 'माझ्या गोळ्या चालू आहेत.' बास. बीपीवाला म्हणतो तसं.

पाटावरवंटा: मग 'बाधित'? कोरोनामुळे रुळलाय.

माजी समुपदेशक: चालेल, पण बाधा म्हटलं की आमच्या गावाकडे लिंबू-मिरची निघते :) 'एचआयव्हीसह जगणारे' लांबलचक आहे तरी मला आवडतं, त्यात माणूस जगतोय.

सांगलीची सून: शब्दाचंच चाललंय म्हणून सांगते. सांगलीत शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनी संघटना काढली, नाव 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. लोक जो शब्द तोंडावर फेकत तोच उचलून नावात घातला, आणि मुक्ती मागितली ती अन्यायापासून, कलंकापासून नाही. १९८६ मध्ये भारतात पहिल्यांदा एचआयव्ही सापडला तो मद्रासमधल्या अशाच बायकांच्या रक्तात, तिथून हा आजार 'वाईट चालीचा' ठरला तो ठरलाच. (ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, हे किती मराठी लोकांना माहिती असतं?)

कल्हईवाली आजी: तुम्हा पोरांना 'कळकणं' माहितीये का? कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दही ठेवलं की कळकतं, हिरवट होतं, तोंडात धरवत नाही. तो पितळेवरचा कळंक. दही चांगलंच असतं गं, भांडं वाईट.

अनवाणी: आजी!!! हे मी नाटकात घेणार, सरांना आवडो न आवडो. कल्हईवाला येतो आणि गावातल्या भांड्यांवर बोलतो असा सीन डोक्यात आलाय. फक्त आमच्यातल्या निम्म्यांनी कल्हई बघितलेलीच नाही, ते आधी शिकवावं लागेल. आणि बार्शीकर काका, क्रियापदांचं पटलं, घोषणा बदलली: 'ताट वेगळं कुणी केलं?' मुलं ओरडणार, घोळक्यातून कोणीतरी 'आम्ही' म्हणणार. 'पीअर एज्युकेटर'चं सरांनी 'समवयस्क शिक्षक' केलंय, ते ऐकून सगळे खिदळतात. ते सध्या 'आपल्यातलाच' केलंय.

बार्शीकर: झकास. १०९७ या एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनचा नंबर शेवटी सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणा, कागद वाटलात तर लोक त्यात भजी खातात.

पाटावरवंटा: 'आपल्यातलाच' मुलींसाठी 'आपल्यातलीच' करशील ना?

अनवाणी: आठजणी आहोत, मुलगे तीनच. त्यामुळे पोस्टरवर आधी 'आपल्यातलीच' येतंय.