मुलीला शाळेच्या म्युझिकलमध्ये क्रिस्टीनचा रोल, आवाज कसा सांभाळायचा?

न्यूजर्सीची_आई: लेक अकरावीत आहे, शाळा यंदा 'फँटम ऑफ द ऑपेरा' करतेय आणि तिला क्रिस्टीन (त्यातली नायिका) मिळालीय, आम्ही सगळे खूप खूष आहोत पण रोज तालमीवरून येते तेव्हा आवाज बसलेला असतो. टायटल साँगच्या शेवटचा तो वरचा ई (खूप उंच सूर) रोज फुल गायला लावतात. लहानपणापासून हिंदुस्थानी संगीत शिकलीय. काय करू?

सूरमयी: ताई, रोज फुल गाऊच नये! मार्किंग करायला सांगा, म्हणजे वरच्या जागा सप्तक खाली हळू गायच्या, फुल आवाज ठराविक तालमींनाच. ब्रॉडवेवरसुद्धा आठवड्याच्या 8 पैकी 2 शोज दुसरी गायिका क्रिस्टीन करायची, आणि तो ई व्यावसायिक प्रयोगांत बऱ्याचदा रेकॉर्डेड असतो. मग 16-17 वर्षांच्या पोरीकडून रोज का? डिरेक्टरशी स्पष्ट बोला, डबल कास्टिंगचंही (एका रोलला दोन मुली) विचारा.

अभय_बोस्टन: +1. आपल्याकडे खुल्या छातीच्या आवाजात गायची सवय असते, तोच आवाज वर ओढला की घसा दुखतो, हा रोल हेड व्हॉइसचा (वरच्या सुरांचा, डोक्यात घुमणारा हलका आवाज) आहे, वेस्टर्न क्लासिकलवाली टीचर बघा. पट्टी खाली घ्यायची असेल तर शाळेला लायसन्स देणाऱ्यांची परवानगी लागते, म्हणून आत्ताच विचारा.

सूरमयी: आणि हो, कॅफेटेरियात ओरडून बोलणं बंद, पाणी भरपूर. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर ईएनटीकडे जाऊन स्वरयंत्र दाखवाच, प्रयोग होईपर्यंत थांबू नका प्लीज.