औषध महानियंत्रकांच्या खुर्चीला अधिकार किती?

निमखारा (धागाकर्ता)
ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचं 'कोल्ड्रिफ' कफ सिरपचं प्रकरण बाहेर आलं. वीसहून जास्त मुलं गेली. काहींना नागपूरला हलवलं होतं, पण मूत्रपिंडं निकामी झालेली. सिरप बनलं त्या तमिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल (डीईजी) हे विषारी रसायन निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का. तेव्हापासून जो तो विचारतोय, दिल्लीतले औषध महानियंत्रक (डीसीजीआय) झोपा काढत होते का?

माझं म्हणणं, जागे असते तरी काय केलं असतं? १९४० च्या औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्यात सिरपच्या कारखान्याला परवाना देणार राज्य, रद्दही करणार राज्य. महानियंत्रकांकडे नवी औषधं, आयात, क्लिनिकल ट्रायल. देशभर बंदी घालायचं कलम २६अ केंद्र सरकारच्या हातात, राज्यांना निर्देश द्यायचं ३३पी सुद्धा. साहेबांकडे उरतं ते पत्र. १८ डिसेंबर २०२३ ला त्यांनी सगळ्या राज्यांना तसं लिहिलंही होतं, की क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना लेबलवर छापा. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडगोळी होती. गेलेली बहुतेक मुलं पाचाच्या आतली.

डॉ. माशेलकर समितीने २००३ मध्येच मजबूत केंद्रीय यंत्रणा सुचवली होती. पुढे विधेयकं आली. २०१३ चं तर २०१६ मध्ये मागे घेतलं. प्रमुखाला ठरावीक मुदत द्या, परवाना रद्द करायचा थेट अधिकार द्या आणि संसदेपुढे जाब द्यायला लावा.

सातपूरकर
छोटा कारखानदार म्हणून लिहितो. परवाना दिल्लीला गेला की आमचे खेटे दिल्लीला, एवढाच फरक पडेल.

रोग कुठे आहे ते बघा. सिरपच्या कच्च्या मालाचे, म्हणजे ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचे ड्रम आले की नमुने काढून डीईजीची चाचणी करायची, मगच माल मिक्सिंगला घ्यायचा. नियम आजही आहे. ज्याला चोरी करायचीय तो पुरवठादाराचा रिपोर्ट फाइलला टोचतो आणि ड्रम सरळ आत ढकलतो. त्याला महानियंत्रक पकडणार की जिल्ह्याचा ड्रग इन्स्पेक्टर? इन्स्पेक्टरांच्या जागा आधी भरा. प्रयोगशाळा वाढवा. मग खुर्चीचं बघू.

निमखारा
@सातपूरकर, इन्स्पेक्टर हवेतच, वाद नाही. पण एक सांगा. भारतीय कफ सिरपच्या प्रकरणात गांबियातली मुलं गेल्यावर १ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारमान्य लॅबची चाचणी सक्तीची झाली. देशात विकायच्या बाटलीला ती अट नव्हती. आणि निर्यातीचा तो आदेशही काढला व्यापारवाल्यांनी, परकीय व्यापार महासंचालनालयाने! ज्याच्या पदाच्या नावातच औषध आहे त्याला हे स्वतःच्या सहीने करता येऊ नये?

जुना एफडीएवाला
राज्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी १९८६ आठवावं. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल, ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल, १४ मृत्यू. न्या. लेंटिन आयोगाने आपल्या राज्याच्याच अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) सालटी काढली, आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. तेव्हा मध्ये दिल्ली नव्हतीच.

बाकी नमुना काढणं म्हणजे काय ते लोकांना माहीत नसतं. दुकानातून घेतला तर चार भाग करायचे, प्रत्येकाला सील, फॉर्म १७ भरून दुकानदाराला द्यायचा, एक भाग लॅबला. रिपोर्ट येईपर्यंत ती बॅच कधीच विकून झालेली असते.

काळा कोट
सर्वाधिकारी साहेब हवा असणाऱ्यांसाठी मॅगीची आठवण. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी देशभर बंदी घातली. टाळ्या पडल्या. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला, कारण कंपनीचं म्हणणं नीट ऐकलेलं नव्हतं आणि चाचण्या केलेल्या लॅबच्या मान्यतेचाच प्रश्न होता. म्हणजे अधिकार होता, वापरायची रीत चुकली.

आणि ३ जानेवारी २०२१? तिसऱ्या टप्प्यातले परिणामकारकतेचे आकडे हाती नसताना कोव्हॅक्सिनला मंजुरी, वर तत्कालीन महानियंत्रक म्हणतात, लसी ११० टक्के सुरक्षित. हे गणित कुठल्या शाळेतलं? लस चांगली ठरली म्हणून ते वाक्य शास्त्रीय ठरत नाही. अशा खुर्चीला आणखी दात द्यायचे असतील तर कागदपत्रं आधी लोकांसमोर मांडायची सक्ती हवी.

मेडिकलवाली ताई
कडक माणूस आला की काय होतं ते आम्ही काउंटरच्या मागून पाहिलंय. महेश झगडे राज्याच्या एफडीएचे आयुक्त असताना फार्मासिस्ट दुकानात हजर हवाच म्हणून धाडी पडायच्या. केमिस्टांनी बंद पुकारले, आमचंही शटर खाली होतं. साहेबांची यथावकाश बदली झाली आणि गाडी पुन्हा रुळावर, म्हणजे आमच्या रुळावर! त्यामुळे निमखारांचा मुदतीचा मुद्दा मला पटतो, बाकीचं तुम्ही बघा.

सातपूरकर
ताईंनी बरोबर नस पकडली. मुदत द्या, माझी हरकत नाही. पण परवाना दिल्लीहून आणि इन्स्पेक्टरचा पगार मुंबईहून, तर तो ऐकणार कोणाचं? दोन साहेब झाले की कोणीच जबाबदार राहत नाही.

निमखारा
बरं, परवाना बाजूला ठेवू. कोल्ड्रिफच्या वेळी तमिळनाडूचा रिपोर्ट आल्यावर प्रत्येक राज्य आपापला आदेश काढत बसलं. आपल्या एफडीएनेही एसआर-१३ या बॅचचा इशारा स्वतंत्र काढला. विष एक, बॅच एक, आदेश राज्यागणिक. निदान एखाद्या बॅचची विक्री देशभर तातडीने थांबवायचा हुकूम महानियंत्रकांच्या एका सहीने निघावा. नंतर कंपनीला ठरावीक दिवसांत सुनावणी द्या, म्हणजे काळा कोट यांचीही तक्रार नको.

काळा कोट
सुनावणीचे दिवस कायद्यात लिहा, परिपत्रकात नको. मग चालेल.

सातपूरकर
बॅच थांबवायला ना कोण म्हणतंय? पण रिपोर्ट चुकला आणि माल निर्दोष निघाला तर परत आलेल्या बाटल्यांचा खर्च कोणी भरायचा, तेही त्याच कलमात लिहा. माझी अख्खी बॅच गोदामात पडून राहते तेव्हा बँकेचा हप्ता थांबत नाही.