मदत हवी आहे : जिंकल्यावर लगेच उठण्याचा नियम रुलेटमध्ये खरोखर उपयोगी पडतो का?

माझे साडू वर्षातून दोन-तीन वेळा कोल्हापूरहून पणजीला जातात आणि मांडवीत उभ्या असलेल्या एखाद्या कॅसिनो जहाजावर संध्याकाळ घालवतात. दहा हजार रुपये घेऊन बसायचे, प्रत्येक डावाला रुलेटच्या फिरत्या चक्रावरील लाल रंगावर एक हजार लावायचे आणि एकूण एक हजार नफा दिसताच, मग तो पहिल्याच डावात का असेना, चिप्स मोडून उठायचे, असा त्यांचा नियम आहे. त्यांच्या वहीतल्या शेवटच्या नऊही संध्याकाळी नफ्याच्या आहेत. आता दिवाळीनंतर हाच नियम दसपट रकमेने, म्हणजे एक लाख घेऊन आणि दर डावाला दहा हजार लावून चालवायचा त्यांचा विचार असून निम्मे पैसे मी घालावेत असा आग्रह आहे.

त्यांचे म्हणणे असे की, हाउस एज, म्हणजे खेळातच कॅसिनोच्या बाजूने असलेली टक्केवारी, ही रात्रभर बसून राहणाऱ्यांना लागू होते. आपण ती लागू होण्याआधीच उठतो. हे ऐकताना पटते, म्हणून मी स्वतः हिशेब मांडून पाहिला. एकच शून्य असलेल्या चक्रावर ३७ घरे असतात : १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचे. लाल येण्याची शक्यता १८/३७, म्हणजे ४८.६५ टक्के, त्यामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे जातात. आता दहा हजारांवरून अकरा हजारांवर पोचण्याची शक्यता काढली, तर ती सुमारे ८८.३ टक्के येते. म्हणजे साडूंची वही खोटी नाही, आणि इथेच माझा गोंधळ होतो. शंभरातल्या ८८ संध्याकाळी जिंकणारा माणूस तोट्यात कसा? माझ्या आकडेमोडीत चूक आहे की साडूंच्या समजुतीत, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

प्रतिसाद १

आपली आकडेमोड बरोबर आहे. ती फक्त एक पायरी आधी थांबली. ८८.३ संध्याकाळी प्रत्येकी एक हजार मिळाले, तर ८८,३०० रुपये जमा होतात, उरलेल्या ११.७ संध्याकाळी प्रत्येकी दहा हजार गेले, तर १,१७,००० रुपये जातात. शंभर संध्याकाळींचा तोटा सुमारे २९ हजार, म्हणजे दर संध्याकाळी सरासरी २९० रुपये. याच नियमाने एका संध्याकाळी सरासरी पावणेअकरा डाव होतात, म्हणजे सुमारे १०,८०० रुपये टेबलावर फिरतात, आणि त्यांचे २.७ टक्के काढले तर पुन्हा तेच २९० रुपये हाती येतात. नियमाने एज टळलेली नाही. रोजचा किरकोळ तोटा गोळा होऊन क्वचित येणाऱ्या एका मोठ्या फटक्यात साठला आहे. सलग नऊ संध्याकाळी नफा होण्याची शक्यताही सुमारे ३२ टक्के आहे, त्यामुळे त्या वहीने काहीच सिद्ध होत नाही. आणि दोन भेटींच्या मध्ये चार महिने गेले, हे चक्राला ठाऊक नसते. साडूंचा खेळ एकच आहे, तो हप्त्याहप्त्याने चालला आहे एवढेच.

प्रतिसाद २

वरील हिशेबात थोडी भर. साडूंनी तीन हजार गेल्यावर उठायचे ठरवले, तर हजार जिंकून उठण्याची शक्यता सुमारे ७३ टक्क्यांवर येते आणि सरासरी तोटा ८२ रुपयांवर. पण तो केवळ डाव कमी झाल्यामुळे, कारण तीनच डावांच्या आसपास खेळ आटोपतो. लावलेल्या रकमेशी प्रमाण तेच, २.७ टक्के. दसपट रक्कम केल्याने शक्यता तसूभरही बदलत नाहीत. बदलतो तो फटका, दहा हजारांऐवजी एक लाखाचा.

एज खरोखर बदलायची असेल, तर खेळ बदलावा लागतो. बाकरा या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ या बाजूवर लावले तर ती सुमारे १.०६ टक्के असते, तर बरोबरीवर आठपट देणाऱ्या त्याच टेबलावर बरोबरीसाठी लावले तर १४ टक्क्यांहून अधिक. तिथे उठण्याचा कोणताही नियम हा फरक भरून काढत नाही. एडवर्ड थॉर्प या अमेरिकी गणितज्ञाने १९६० च्या दशकात ब्लॅकजॅकमध्ये मात केली, तीही वेळेवर उठून नव्हे, तर निघून गेलेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवून आणि उरलेली पाने अनुकूल असतील तेव्हाच रक्कम वाढवून. रुलेटला असे काही शक्य नाही, कारण मागच्या डावाचा पुढच्या डावाशी संबंधच नसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘हप्त्याहप्त्याने चाललेला एकच खेळ’ ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पन्नास हजारांचा वाटा मी देणार नाही, हे साडूंना आज कळवतो. तीन हजारांची मर्यादा त्यांना मान्य असेल तर पणजीला सोबत जाईन, आणि दर डावाची रक्कम वहीत मी स्वतः लिहीन, कारण आतापर्यंत तिथे फक्त संध्याकाळचा निकाल लिहिला जात होता, टेबलावर एकूण किती लावले हे कुठेच नाही.