मदत हवी आहे : कार्यक्रमाची दोन तिकिटे दुसऱ्याला विकणे कायदेशीर ठरते का?

नमस्कार. मी परभणीत राहतो. पुढच्या महिन्यात नवी मुंबईत होणाऱ्या एका संगीत कार्यक्रमाची दोन तिकिटे मी ऑनलाइन काढली होती, एक माझे आणि एक मेहुण्याचे. तिकीट प्रत्येकी ४,५०० रुपयांचे, त्यावर सुविधा शुल्क वेगळे. नेमक्या त्याच आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्याने आमचे जाणे रद्द झाले. देवगिरी एक्सप्रेसच्या आरक्षणाचे पैसे शुल्क कापून का होईना, खात्यात परत आले. कार्यक्रमाच्या तिकिटावर मात्र तळाशी बारीक अक्षरांत ‘परतावा नाही, हस्तांतरण नाही’ असे छापलेले आहे आणि क्यूआर कोडच्या वर माझे नाव आहे.

छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा ही तिकिटे मूळ किमतीत घ्यायला तयार आहे. आमच्या गल्लीतल्या मोबाइल दुकानदाराचे म्हणणे वेगळे : “टाका की ग्रुपवर, दुप्पट भावात जातेत.” मला नफा नको, पण सुविधा शुल्कासह सगळे पैसे सुटले तर बरे, हेही खरे.

रेल्वेबाबत कायदा स्पष्ट आहे. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४३नुसार परवानगीशिवाय तिकिटे मिळवून देण्याचा धंदा केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यक्रमाच्या तिकिटांना असा नियम लागतो का, आणि मूळ किमतीत देणे व चढ्या भावाने विकणे यांत कायदा फरक करतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

कार्यक्रमाच्या तिकिटांच्या पुनर्विक्रीसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. नवी मुंबईतल्याच जानेवारी २०२५च्या कोल्डप्ले कार्यक्रमाच्या वेळी ऑनलाइन काळ्या बाजाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. असे नियम करणे हे विधिमंडळाचे व शासनाचे काम आहे, या भूमिकेतून न्यायालयाने १० जानेवारी २०२५ रोजी ती फेटाळली. तरीही रान मोकळे आहे असे समजू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३३खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांच्या तिकीटविक्रीचे नियम करण्याचा अधिकार आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांना आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे. चित्रपटगृहाबाहेर ‘ब्लॅक’ करणाऱ्यांवर पूर्वी कारवाई व्हायची, ती अशाच नियमांच्या आधारे. त्यामुळे दुकानदाराचा सल्ला बाजूला ठेवा.

तुमच्या बाबतीत खरी अडचण फौजदारी कायद्याची नसून कराराची आहे. हस्तांतरण नाही ही अट तुम्ही तिकीट काढतानाच मान्य केली असल्याने आयोजक प्रवेशद्वारावर त्या मुलाला अडवू शकतात, आणि तीनशेहून अधिक किलोमीटरवरून गेलेला तो मुलगा बाहेर उभा राहिला तर पैसे तो तुमच्याकडेच मागेल. अट लपवून तिकीट विकले, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीची तक्रार ओढवून घ्याल. म्हणून आधी आयोजकांना ईमेल करून नावबदलाची सोय आहे का ते विचारा. नसेल तर ही अट त्या मुलाला लेखी कळवूनच पुढे काय ते ठरवा. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट कुठल्याही गटावर टाकू नका, कारण तो जो आधी स्कॅन करील तोच आत जाईल.

मूळ लेखक :

आभारी आहे. आयोजकांना काल ईमेल केला. कार्यक्रमाच्या १० दिवस आधीपर्यंत ओळखपत्राची प्रत पाठवल्यास एकदाच नाव बदलून मिळेल, असे उत्तर आले आहे. त्या मुलाने आधारची प्रत पाठवली आहे. सुविधा शुल्क मी सोडून दिले. आता एकच शंका उरली : त्याच्याकडून ९,००० रुपये नाव बदलण्याआधी घ्यावेत की नंतर?