मदत हवी आहे: तीन दिवस, दोघंच. दापोली की गुहागर?

ओवी_चिंचवड | ११ फेब्रुवारी, रात्री ११:४०
दोघांनाच तीन दिवस बाहेर जायचं आहे, ५ ते ७ मार्च. दापोली किंवा गुहागर, दोन्हींपैकी एकच. मला मुरूडला राहावंसं वाटतंय, नवरा म्हणतो गुहागर जास्त शांत आहे. लवकर सांगा प्लीज, खोली धरायची आहे आणि मागच्या वेळेसारखं व्हायला नको. समुद्रावर चालत जाता आलं पाहिजे. बाकी काही नको.

घाटवाट | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५
चिंचवडहूनच निघणार का? स्वतःची गाडी आहे? पहाटे निघणार की आदल्या संध्याकाळी? बजेट किती? आणि मागच्या वेळी काय झालं ते सांगितलंत तर तीच चूक टाळता येईल.
तोवर रस्ता सांगून ठेवतो. चांदणी चौक, पौड, ताम्हिणी, माणगाव, महाड, मग कशेडीचा बोगदा आणि खेडवरून दापोली. दोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघालात तर जेवायला दापोलीत.

दर्यावर्दी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०
मुरूड उत्तम! जंजिरा चुकवू नका. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. किल्ल्यात कलालबांगडी तोफ आहे, ती बघाच. सकाळी लवकर गेलात तर ऊन लागणार नाही. येताना काशीदच्या किनाऱ्यावर थांबा. जोडप्यांसाठी काशीद फार छान.

मुरूडकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५
दर्यावर्दी, ते जंजिऱ्याचं मुरूड, रायगड जिल्ह्यातलं. ताई विचारतायत ते दापोली तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं, महर्षी कर्व्यांचं मुरूड. या घोळात लोक खरोखर चुकीच्या गावात खोली धरतात. आमच्या शेजारी एक कुटुंब संध्याकाळी सात वाजता फोन करून विचारत होतं, "आम्ही किल्ल्यासमोर उभे आहोत, तुमचं घर कुठे?" ओवीताई, खोली धरताना "दापोली" शब्द नीट वाचा.
आमच्या गावात मधून एक रस्ता जातो, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाडीच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की पुळण. चालत जायचं म्हणाल तर याहून जवळ समुद्र असत नाही. दुर्गादेवीचं देऊळही गावातच आहे.

दर्यावर्दी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०
बरोबर, गल्लत झाली. पण जंजिरासुद्धा बघण्यासारखा आहे, पुण्याहून तीन दिवसांत होतो.

एसटीप्रेमी | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:२०
स्वतःची गाडी कशाला न्यायची? पुण्याहून दापोलीला थेट एसटी आहे. वल्लभनगर आगारात चौकशी करा, चिंचवडहून जवळ पडेल. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे दोघांचं मिळून दीडच तिकीट. दापोलीहून मुरूडला लोकल एसटी आणि रिक्षा मिळतात. आम्ही दोघं अकरा वर्षं असंच फिरतोय.

घाटवाट | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:४५
एसटीने दापोली गाठाल हो, पण पुढे काय? आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै, केळशी, पन्हाळेकाजीची लेणी हे सगळं गाडीशिवाय कसं बघणार? एका एसटीसाठी दोन तास फाट्यावर बसण्यात सुट्टी जाते.

एसटीप्रेमी | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:००
त्यांनी "बाकी काही नको" असं लिहिलंय. लेणी कुणी विचारली?

घाटवाट | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:१०
एवढ्या लांब जाऊन नुसतं पुळणीवर बसायचं? मला पटत नाही. आणि गुहागरही सोडायची गरज नाही. गाडी असेल तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवा, की पलीकडे गुहागर तालुका. व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती, हेदवीचीच बामणघळ. दोघांचं मन राखलं जाईल.

स्मिता७६ | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३०
मुली, माझं वेगळं मत आहे, रागावू नकोस. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीची कितीतरी वर्षं आम्ही कुठेही गेलो नाही, पैसेच नव्हते. पण रोज संध्याकाळी तळजाईवर चालायला जायचो, जाताना भांडत आणि येताना गप्प. त्या चालण्यावर संसार झाला. तीन दिवसांच्या सहलीवर एवढा भार टाकू नकोस. रोज अर्धा तास दोघांचा ठेवा, मग दापोली काय आणि दिवेआगर काय.

ओवी_चिंचवड | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:५०
काकू, रोजचा अर्धा तासच नाहीये. म्हणून तर तीन दिवस मागतेय.
तो चाकणला कंपनीत आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. मी बँकेत. त्याला गुरुवारी सुट्टी, मला रविवारी. त्याची दुपारपाळी असली की तो घरी येतो तेव्हा मी झोपलेली असते आणि मी निघते तेव्हा तो झोपलेला असतो. सहा-सहा दिवस आमचं बोलणं म्हणजे फ्रिजवरच्या चिठ्ठ्या. "दूध तापवलंय", "गॅसवाला येणार आहे", "डब्यात कारलं आहे, फेकू नकोस". मी त्या टाकून देत नाही, डब्यात साठवल्यात.
घाटवाट, गाडी आहे, पण गाडीचं नको. मागच्या नोव्हेंबरात मालवणला गेलो होतो. जाताना घाटात त्याचा डोळा लागला आणि गाडी कठड्याला घासली. कुणाला लागलं नाही. पण नंतर तिथे दोन दिवस तो नुसता झोपला आणि मी ओसरीवर एकटी बसले. परतताना भांडलो. तेव्हापासून सहलीचा विषय निघाला की दोघंही गप्प होतो. आता पहिल्यांदा त्यानेच विषय काढलाय, म्हणून मला घाई आहे.

घाटवाट | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:१०
हे आधी लिहायला हवं होतं. मग माझा सगळा बेत रद्द समजा. ताम्हिणीत त्याला गाडी चालवू देऊ नका.

तिसरी_पाळी | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०
एकोणीस वर्षं तीन पाळ्यांत काम केलंय, म्हणून एकच प्रश्न विचारतो. मालवणला निघालात त्या सकाळी तो कोणत्या पाळीवरून आला होता? आणि ५ मार्चला सकाळी कोणत्या पाळीवरून येणार आहे?

अंबाडी | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३५
हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचा लिलाव असतो, तो चुकवू नका. सुरमई, पापलेट, कोळंबी सगळं डोळ्यासमोर होडीतून उतरतं. ताजा मासा घेऊन खाणावळीत दिला तर काही ठिकाणी करून देतात.

एसटीप्रेमी | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०
काही ठिकाणी, सगळीकडे नाही. आधी विचारावं लागतं.

ओवी_चिंचवड | १२ फेब्रुवारी, रात्री ८:१५
अंबाडी, गुरुवारी तो मासे खात नाही. शुक्रवारी बघू.
तिसरी_पाळी, मालवणला रात्रपाळीवरून आला होता. सकाळी साडेसातला घरी आला, दोन तास झोपला आणि निघालो. ५ मार्चचं आत्ता कॅलेंडर बघितलं. या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती, आज सकाळी संपली. उद्यापासून सकाळपाळी, मग दुपारपाळी, २७ फेब्रुवारीपासून पुन्हा रात्रपाळी. म्हणजे ५ तारखेला सकाळी तो रात्रपाळीवरूनच येणार. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो म्हणाला होता, "गुरुवारी सुट्टीच आहे, एक रजा वाचेल."

तिसरी_पाळी | १२ फेब्रुवारी, रात्री ८:५०
हाच सापळा आहे. आम्ही सगळे रजा वाचवायला हेच करतो. रात्रपाळी संपलेला गुरुवार हा सुट्टीचा दिवस नसतोच, ती झोपेची परतफेड असते. त्या दिवशी माणूस बोलतो, हसतो, पण हजर नसतो. सहा रात्री जागलेलं शरीर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही सरळ होत नाही. माझी बायको याला माझं दुर्लक्ष समजायची. ते दुर्लक्ष नव्हतं हे तिला सांगायला मला फार वर्षं लागली.
तुम्ही एक आठवडा पुढे जा. तुम्हीच दिलेल्या हिशेबाने ६ ते ११ मार्च त्याची सकाळपाळी आहे. बुधवारी ११ तारखेला दुपारी घरी येईल, रात्री घरच्या अंथरुणात झोपेल, गुरुवारी १२ ला पहाटे निघा. शनिवारी १४ ला परत. रविवारी दुपारपाळीला जायच्या आधी सकाळभर झोप मिळते. त्याच्या दोन रजा लागतील, शुक्रवार आणि शनिवार. पाच तारखेलाही तेवढ्याच लागल्या असत्या.

स्मिता७६ | १२ फेब्रुवारी, रात्री ९:०५
१४ मार्च दुसरा शनिवार आहे ना? बँकेला सुट्टी. मग ओवीच्याही दोनच रजा जातात. ७ तारखेला पहिला शनिवार, तेव्हा तीन गेल्या असत्या.
आणि दुपारचं माझं लिहिणं मागे घेते. तुमच्याकडे रोजचा अर्धा तास नाही हे मला कळलं नव्हतं. चिठ्ठ्या जपून ठेव.

ओवी_चिंचवड | १२ फेब्रुवारी, रात्री ९:२०
काकू!! माझ्याकडे दोनच सीएल उरल्यात. दुसरा शनिवार सुचलाच नाही. मार्चएंड जवळ आलं की आमच्याकडे रजा मिळत नाही, त्यामुळे २८ चा चौथा शनिवार नकोच होता.

मुरूडकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:४५
१२ तारीख बरी. मार्चच्या सुरुवातीलाच होळी, पाठोपाठ धुळवड. ५-६ ला चाकरमानी परतीला लागलेले असतात, एसटीत उभं राहायला जागा मिळणार नाही. १९ ला पाडवा. मधल्या आठवड्यात गाव मोकळं असतं आणि कुठे कुठे पालख्या अजून घरोघर फिरत असतात. ढोल ऐकू आला तर दारात उभे राहा, नवीन माणसालाही नारळ ठेवू देतात.
भरतीचं सांगतो, कारण पुळणीवर चालायचंय म्हणालात. आमच्याकडे हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. १२-१३ मार्चला वद्य नवमी-दशमी. नऊची पाऊणपट पावणेसात, दहाची साडेसात. म्हणजे सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळीही सातच्या सुमारास भरती. दुपारी एकला ओहोटी, तेव्हा पुळण लांबच लांब मोकळी, पण ऊन असतं. तुम्ही साडेचार-पाचला निघा. सावल्या लांबतात आणि पाणीही हळूहळू वर येत असतं. कर्द्याच्या बाजूला चालत राहिलात तर बोलायला भरपूर वेळ मिळतो.

घाटवाट | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:००
तिथीचा हा हिशेब मला माहीत नव्हता. अमावास्येला काय येतं?

मुरूडकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:२०
पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेलाही तेच. थोडंफार इकडेतिकडे होतं, आमच्या वडिलांनी त्यावरच होडी लोटली.

अंबाडी | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०
मार्चमध्ये आंजर्ल्याला आणि वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, ऑलिव्ह रिडले जातीची. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पण घरट्यातून पिल्लं वर आली असतील तरच. फक्त तेवढ्यासाठी जाऊ नका. मुरूडहून आंजर्लं रिक्षाने होतं, आता खाडीवर पूल आहे.

एसटीप्रेमी | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:००
एक सकाळ रिक्षा ठरवून हर्णै, आंजर्लं आणि कड्यावरचा गणपती उरकतो. भाडं आधी ठरवा. घरी परत यायची शनिवारची एसटी जातानाच आरक्षित करून ठेवा. सहा-सात तास धरा, पोलादपूरच्या पुढे वळणं आहेत, उलटीची गोळी जवळ ठेवा.

दर्यावर्दी | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:१५
किल्ला हवा असेल तर हर्णैसमोर सुवर्णदुर्ग आहे, होडीने जाता येतं.

तिसरी_पाळी | १३ फेब्रुवारी, दुपारी २:३०
ओवीताई, एक विनंती. पहिल्या दिवशी कुठेही जाऊ नका. तो जेवून झोपला तर झोपू द्या, पण "संध्याकाळी पाचला उठव" हे त्याच्या तोंडून आधी ठरवून घ्या. मागच्या वेळी त्याने काही ठरवलं नव्हतं आणि तुम्ही उठवलं नाहीत. आमच्यात नेमकं हेच व्हायचं. ती उठवायची नाही, मी झोपायचो, मग दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला काही फिकीर नाही.

ओवी_चिंचवड | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:१०
हे मी त्याला वाचून दाखवलं. म्हणजे आख्खा धागाच. पहाटे पाचला, तो सकाळपाळीला निघायच्या आधी, चहा घेता घेता. घाटातल्या त्या कठड्याबद्दल आम्ही आज पहिल्यांदा बोललो. तो म्हणाला, त्याला त्या दिवशी "आज नको" म्हणायचं होतं, पण मी चार महिने वाट बघितली होती म्हणून म्हणाला नाही. मी म्हणाले, मला ते ऐकायला चाललं असतं. मग त्याची बस आली.
गुहागर पुढच्या वेळी, असं तोच म्हणाला. मुरूडला गावातल्या एका घरी दोन रात्रींसाठी खोली विचारलीये. फोनवर "दापोलीचंच ना?" असं दोनदा विचारलं. माझी गुरुवार-शुक्रवारची रजा साहेबांनी तोंडी मान्य केलीये. त्याची शुक्रवारची मिळेल, शनिवारचं शिफ्ट इनचार्ज सोमवारी सांगणार आहेत. शनिवार नाही मिळाला तर शुक्रवारी रात्री परत यावं लागेल. तशी रात्रीची एसटी आहे का, एवढं कुणी सांगेल का?

एसटीप्रेमी | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:४०
दापोली आगाराला फोन करून आज दुपारपर्यंत कळवतो. सोमवारपर्यंत परतीचं तिकीट काढू नका.