ॲमस्टरडॅमच्या जुन्या नगरभवनातून राजाचे फर्निचर हलवावे का?

चर्चाप्रस्ताव
ॲमस्टरडॅमच्या डाम चौकातील राजवाडा मुळात शहराचे नगरभवन होता. १६४८ मध्ये पायाभरणी झाली, १६५५ मध्ये उद्घाटन झाले आणि न्यायालय, कोठड्या, विनिमय बँक, दिवाळखोरीची कचेरी असा सारा कारभार एका छपराखाली आला. दिवाळखोरीच्या दालनाच्या दारावर इकारसचे, म्हणजे ग्रीक कथेत सूर्याच्या फार जवळ उडाल्याने मेणाचे पंख वितळून कोसळलेल्या तरुणाचे, पतन कोरलेले आहे आणि शेजारच्या नक्षीत रिकाम्या पेट्या व कागद कुरतडणारे उंदीर दिसतात. ज्याचे दिवाळे निघाले त्याला याच दाराखालून आत जावे लागे. एवढे बोलके शिल्प पाहून आत शिरावे, तर समोर येतात १८०८ मध्ये हॉलंडचा राजा, नेपोलियनचा भाऊ लुई नेपोलियन याने ही वास्तू राजवाडा केल्यानंतर आणलेल्या खुर्च्या आणि झुंबरे. निदान काही दालनांतून त्या हलवून तेथे मूळ कामकाज उलगडून दाखवावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. लुईने आतल्या लांब मार्गिकांत उभारलेल्या लाकडी भिंती पुढे जीर्णोद्धारात काढल्या गेल्या, म्हणजे त्याच्या काळाच्या खुणा आधीच पुसट झाल्या आहेत. उरलेले एम्पायर शैलीचे, म्हणजे नेपोलियनच्या काळातील फ्रेंच घडणीचे फर्निचर फ्रान्सबाहेरच्या उत्तम संग्रहांपैकी एक मानले जाते. शिवाय २०१३ मध्ये नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर ज्या बाल्कनीत लोकांसमोर आले, तीही लुईच्याच काळातली आहे. मग तीही पाडायची का? नगरभवन म्हणून या वास्तूचा वापर दीडशे वर्षे झाला आणि राजवाडा म्हणून त्याहून अधिक काळ होत आहे, हे विसरून चालणार नाही.

प्रतिसाद २ (प्रस्तावकाचे उत्तर)
बाल्कनी पाडा असे मी कुठेही म्हटलेले नाही; खुर्ची मात्र भिंतीला धक्का न लावता दुसऱ्या दालनात नेता येते. वर्षांच्या हिशोबापेक्षा मला तळमजल्यावरचे न्यायदालन महत्त्वाचे वाटते. देहदंडाची शिक्षा तेथे सुनावली जाई, चौकातले लोक गजांच्या खिडक्यांतून ते पाहू शकत आणि आरोपीसमोर बायबलमधील शहाणा राजा सॉलोमन याच्या न्यायाचे शिल्प व शरमेने तोंड झाकलेल्या स्त्रियांच्या मूर्ती असत. शहर स्वतःच्या नागरिकाचा जीव घेण्याचा अधिकार कसा वापरत होते, हे इतक्या जवळून दाखवणारी जागा क्वचितच सापडते. म्हणून पाहुण्यांची फेरी तेथून सुरू व्हावी आणि राजाचे शयनगृह शेवटी यावे.

प्रतिसाद ३
क्रम बदलण्यास माझा पाठिंबा आहे, फर्निचर हलवण्यास नाही. दिवाळखोरीची कचेरी असलेल्या वास्तूत पुढे राजाची खुर्ची आली, हा बदल दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यानेच कळतो.