मदत हवी आहे: सॅक पाठीला बसत नाहीये, साईझ कसा ठरवायचा?

खडकवाट
मंडळी, जरा लवकर मदत हवी आहे. ताईच्या मिस्टरांनी अमेरिकेतून सॅक आणली. वापरलेली आहे, पण एकदम दणकट. काल ती घेऊन नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत जाऊन आलो तर खांदे भरून आले आणि खाली घासलं. सगळे पट्टे ओढून झाले, सैल करून झाले. पुढच्या महिन्यात हिमालयात रूपिन पासचा ट्रेक आहे. साईझ कसा ओळखतात? सॅकवर कुठेही स्मॉल-मिडियम लिहिलेलं नाही. "दुसरी घे" हे सोडून काहीही सांगा.

सांधणकर
किती लिटरची? कोणती कंपनी? भरलं किती होतं? "खाली घासलं" म्हणजे नक्की कुठे? फोटो टाका.

कॅनव्हासवाले काका
फिटिंगबिटिंग नंतर बघा, आधी वजन कमी करा. आम्ही चोरबाजारातून घेतलेल्या कॅनव्हासच्या हॅवरसॅकवर अलंग-मदन-कुलंग केलं. तिला कंबरेचा पट्टाच नव्हता. पाठीवर आठ किलोच्या वर काही नाही, हा नियम पाळला की कुठलीही सॅक बसते.

खडकवाट
काका, रूपिनला स्लीपिंग बॅग, थंडीचे कपडे धरून बारा किलो होतातच. उंची ५ फूट ७. लिटरचा इथे काय संबंध ते कळलं नाही. सॅक शिकारीची आहे, म्हणजे तिकडे हरणांच्या शिकारीला नेतात तशी, कॅमो म्हणजे झाडीत लपून जाईल अशा रंगाच्या कापडाची. नाव सांगून तुम्हाला कळणार नाही, इकडे मिळत नाही.

हिरवा पिसारा
शिकारीची सॅक? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. नॅशनल पार्कात असलं काही पाठीवर घेऊन फिरणं मला पटत नाही. वनरक्षकाने थांबवलं नाही का?

खडकवाट
कापडी पिशवी आहे हो ती. नाही थांबवलं.

सांधणकर
@हिरवा पिसारा, सॅकवर बंदी नाही. पण धागाकर्त्या, एक काम करा. ही सॅक रूपिनवरून पलीकडे सांगल्याला उतरणार. तो किन्नौरचा, सीमेकडचा भाग, तिथे लष्कर आणि आयटीबीपीचा (भारत-तिबेट सीमा पोलीस) वावर असतो. साध्या निळ्या-नारिंगी रंगाचं रेनकव्हर घालूनच चाला.

वासोटा९
सैन्याचं नवं डिजिटल कॅमो १५ जानेवारी २०२२ला आलं, ते बाजारात विकायला मनाई आहे. शिकारीच्या कॅमोत पानं-फांद्यांची छपाई असते, ते वेगळं. तरी रेनकव्हरला +१.

घाटपायथा
मूळ प्रश्नाकडे येऊ या. लिटर म्हणजे सॅकेत किती मावतं, आणि उंची म्हणजे पायांसकट सगळं. सॅक बसते ती पाठीच्या लांबीवर, म्हणजे टॉर्सोवर. तो घरी मोजता येतो, फक्त दुसरं माणूस हवं.

मान खाली घाला. मानेच्या मुळाशी जे हाड सगळ्यात जास्त बाहेर येतं तो वरचा बिंदू. आता हात कंबरेवर ठेवा, अंगठे मागच्या बाजूला. बोटं कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकली पाहिजेत. पँट जिथे बांधतो ती जागा नव्हे, हाड शोधा. दोन्ही अंगठ्यांमधून पाठीवर आडवी रेघ जाते असं धरा. वरच्या हाडापासून त्या रेघेपर्यंत शिंप्याची टेप पाठीच्या बाकाला चिकटवून न्या. लाकडी पट्टी नको, ती बाक पकडत नाही. ताठ पण नेहमीसारखे उभे राहा, छाती फुगवू नका.

हा आकडा आणि सॅक नेमकी कुठे टेकते ते सांगा. त्याशिवाय इथे कोणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

पवई_हिल
इतकं कशाला? ५-७ म्हणजे मिडियम. मी ५-८, माझी मिडियम आहे, मस्त बसते. खांदे दुखतायत म्हणजे सॅक लहान पडतेय. भावोजींना लार्ज बघायला सांगा.

भटकी मैना
सपशेल चूक. मी आणि माझी बहीण एकाच उंचीच्या. तिची पाठ माझ्याहून दोन इंच लांब, माझे पाय लांब. तिची सॅक मला घातली की पट्टा मांड्यांवर येतो. उंचीवरून साईझ सांगणारे दुकानदारच बघितलेत आजवर, आता इथेही.

पवई_हिल
ताई, सरासरीवरच साईझ बनतात ना? सगळ्यांनी टेप घेऊन बसायचं का?

भटकी मैना
हो, बसायचं. आठ-दहा दिवस पाठीवर वागवायची वस्तू आहे.

खडकवाट
बायकोने मोजलं, १७ इंच. दोनदा मोजलं, तेच आलं. आता घासण्याचं. खांद्याचे पट्टे आवळले की कंबरेचा पट्टा कुल्ल्यावर उतरतो आणि चढाला पाय उचलला की मांडीच्या वर घासतो. कंबरेचा पट्टा वर घेऊन हाडावर बांधला तर खांद्याचे पट्टे खांद्याला टेकतच नाहीत, मागे हात जाईल एवढी जागा राहते. फ्रेमवर २६ लिहिलेलं सापडलं. म्हणजे मला नऊ इंचांनी मोठी आहे का?

घाटपायथा
नाही. २६ ही फ्रेमची उंची, टॉर्सोचं माप नव्हे. तिकडच्या शिकारीच्या सॅकांत फ्रेम मुद्दाम खांद्याच्या बरीच वर काढलेली असते. शिकार झाली की मांसाचं ओझं पाठीवर घेऊन उतरायचं असतं, चाळीस किलोसुद्धा होतं. खांद्यापासून वर फ्रेमकडे जाणाऱ्या छोट्या पट्ट्या आहेत ना, लोड लिफ्टर, त्या वरच्या दिशेने ओढल्या गेल्या तरच खांद्यावरचा भार हलका होतो. त्यासाठी २४-२६ इंची फ्रेम. १७ इंची पाठीवर २६ची फ्रेम चालते.

मात्र लक्षणं बघता सॅक तुमच्यासाठी लांब लावलेली आहे. @पवई_हिल, लहान पडली असती तर उलट झालं असतं: कंबरेचा पट्टा पोटावर चढला असता आणि सगळं वजन खांद्यावर आलं असतं. भावोजी किती उंच आहेत?

खडकवाट
६-२. पण सॅक त्यांचीही नव्हती, ऑफिसातल्या एका गोऱ्या शिकाऱ्याकडून घेतलेली.

घाटपायथा
मग खांद्याचे पट्टे त्या शिकाऱ्याच्या पाठीला लावलेले असणार. अशा बहुतेक सॅकांत ते वर-खाली सरकतात. पाठीला टेकणाऱ्या गादीच्या मागे हात घाला. वेल्क्रो आहे, की शिडीसारख्या खाचांत अडकवलेली पट्टी?

मुलुंडच्या वैनी
शिकारीची म्हणजे आधी रक्त लागलेलं असेल ना तिला? धुतली का? गरम पाण्यात अजिबात घालू नका, डाग पक्का बसतो. थंड पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. मशीनमध्ये नको आणि कडक उन्हात नको, उन्हाने नायलॉन कमजोर होतं. सावलीत उलटी टांगा.

खडकवाट
धुतलेली आहे वैनी. पण सॅक आणि फ्रेमच्या मध्ये एक रिकामी फट आणि फडका आहे, तो कशाला ते आता कळलं. मांस तिथेच ठेवत असणार.

वेल्क्रो आहे. भयंकर घट्ट, ओढून निघत नाही.

सांधणकर
हाताने ओढू नका, शिवण उसवेल. प्लास्टिकच्या जुन्या फाईलचं कव्हर किंवा पातळ, लवचीक कटिंग बोर्ड वेल्क्रोच्या मधे सरकवत न्या. दोन्ही बाजू सुटल्या की पट्ट्यांचा अख्खा तुकडा सहज वर-खाली होतो. हवा तिथे आला की प्लास्टिक काढून दाबून टाका. ती फट तुम्हाला उपयोगी आहे, तंबू किंवा ओलं जाकीट तिथे बांधा. जड वस्तू पाठीला जितकी चिकटून तितकी बरी.

घाटपायथा
बरोबर. सॅक रिकामी असताना सरकवा, पण घालून बघताना दहा किलो भरा. रिकामी सॅक कुठलीही बसते. दहा लिटर पाणी बाटल्यांत भरलं की दहा किलो, वेगळा काटा नको.

आधी सगळे पट्टे पूर्ण सैल. मग कंबरेचा पट्टा: गादीची मधली रेघ कंबरेच्या हाडाच्या कडेवर यावी, आणि तो आवळल्यावर वजन बसल्याचं स्वतःला कळलं पाहिजे. त्यानंतर खांद्याचे पट्टे, फक्त टेकतील इतके. ते खांद्यावरून गोल वळून मागे जातात, आणि जिथे सॅकला जोडलेत ती जागा खांद्याच्या माथ्याच्या एक-दोन इंच खाली असावी. तशी नसेल तर पुन्हा सरकवा. मग लोड लिफ्टर, साधारण ४५ अंशांत. छातीची पट्टी शेवटी, गळपट्टीच्या हाडाखाली इंचभर, श्वास अडेल इतकी नको. बहुतेक भार कंबरेवर आला पाहिजे.

रतनवाडी
कंबरेवर भार वगैरे हिमालयात ठीक. सह्याद्रीत कातळटप्प्याला कंबरेचा पट्टा नडतो, मी तो सोडूनच चढतो. इतकी उंच फ्रेम डोक्याला लागेल ते वेगळंच, वर बघून पकड शोधता येत नाही. नळीच्या वाटेला ही सॅक नेऊच नका.

घाटपायथा
कातळाला उंच फ्रेम अडचणीची, हे मान्य. पट्टा सोडण्याशी असहमत. सुटलेली सॅक मागे झुलते आणि तोल ओढून नेते. पट्टा सोडायचा तो ओढा ओलांडताना, छातीची पट्टीही. पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. रूपिनला नदीचं पाणी आणि बर्फाचे पूल दोन्ही आहेत, हे डोक्यात ठेवा.

रतनवाडी
माझा अनुभव वेगळा. असो.

कॅनव्हासवाले काका
पट्टाच नसला की सोडायचा प्रश्न नाही.

डोंबिवली फास्ट
अवांतर: २६ इंची फ्रेम घेऊन सकाळची कसारा लोकल पकडणार असाल तर लगेजच्या डब्यात चढा. जनरलमध्ये फ्रेम दरवाजाच्या दांड्यात अडकते आणि मागचे लोक शिव्या देतात.

खडकवाट
फाईलच्या कव्हरने वेल्क्रो सुटला! बरंच खाली आणलं. आता पट्टे खांद्याला नीट टेकतात, खांद्यामागची रिकामी जागा गेली, लोड लिफ्टरही वर जातायत. दहा किलो पाणी भरून बिल्डिंगचे जिने चढलो-उतरलो, मांडीला घासत नाही.

आता एकच. कंबरेचा पट्टा पूर्ण आवळला की पुढे गादीची दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात आणि त्यापुढे आवळत नाही. दहा मिनिटांनी हळूहळू खाली येतो. माझी कंबर ३०. धारावीत एक बॅगवाले ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून गादी कापून शिवून घेऊ का?

भटकी मैना
कापू नका! पट्ट्याचा साईझ टॉर्सोपेक्षा वेगळा असतो. लोकांना वाटतं सॅक एक म्हणजे साईझ एक. आवळल्यावर गादीच्या टोकांमध्ये पुढे चार बोटं तरी जागा राहायला हवी, आणि गादी पुढच्या हाडाच्या जरा पुढे यायला हवी. कापून शिवलं तर बकलची पट्टी गादीत नीट अडकत नाही आणि बारा किलोला उसवतं. शिकारीच्या बऱ्याच सॅकांचा पट्टा वेगळा निघतो आणि लहान साईझचा स्वतंत्र मिळतो. मागे वेल्क्रोत सरकवलेला आहे का बघा. कंपनीचं नाव एव्हाना सांगायला हरकत नसावी.

खडकवाट
मागे वेल्क्रोतच आहे. नाव भावोजींना विचारून टाकतो, लेबल झिजलंय. पण पट्टा मागवला तरी महिन्यात इकडे पोचेल का?

सांधणकर
नाही पोचला तर तात्पुरती सोय: पट्ट्याच्या आतून कंबरेच्या मागे, माकडहाडाच्या वर, फोमच्या मॅटचा दुमडलेला तुकडा बसवा आणि वेल्क्रोत दाबा. घेर भरतो आणि पुढे जागा उघडते. मी मित्राच्या सॅकवर असं केलं होतं, सांदकफूपर्यंत टिकलं. निघायच्या आधी पूर्ण वजनाने दोन-तीन तास चालून बघा, जिने पुरेसे नाहीत. राजमाचीची वाट घ्या, लांब आहे आणि सोपी आहे.

घाटपायथा
फोमला +१, पण जाडी दोन्हीकडे सारखी ठेवा, नाहीतर एकाच बाजूचं हाड सोलतं. आणि मॅट लावल्यावर टॉर्सो पुन्हा तपासा. पट्टा जाड झाला की सॅक पाठीपासून किंचित लांब जाते, लोड लिफ्टर परत लावावे लागतील.

मुलुंडच्या वैनी
माझ्या मुलाला नववीच्या कॅम्पसाठी सॅक घ्यायची आहे, वाढतं अंग आहे. त्याचीही पाठ अशीच मोजायची का?

भटकी मैना
हो वैनी, अशीच. त्याच्यासाठी पट्टे सरकणारीच घ्या, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं निघतील. त्याचा आकडा टाका, बघू.